तीन जपानी अ‍ॅम्प्लिफायर आणि उत्तमरावांचे हात

जिच्या कृपेने श्वासाला शब्दत्व येते, त्या वाग्देवतेला प्रथम वंदन करतो. आणि ज्या घरात हा कागद उद्या वाचला जाणार, त्या घराच्या भिंतीवर प्रसन्न मुद्रेने बसलेल्या तथागतांपुढेही मस्तक नमवतो. उत्तमराव, तुम्ही गेलात, आणि उद्या तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. चार शब्द मी लिहावेत, अशी वहिनींची इच्छा आहे. तुमचा जन्म, शिक्षण, वीज कार्यालयातली वायरमनची नोकरी, हे सारे तुमचे थोरले बंधू सांगणार आहेत. मला ते सांगायचे नाही. मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि ते जमलेल्या सर्वांच्या समक्ष बोलायचे आहे. तसे का, हे पुढे येईल.

आपली ओळख शाळेच्या कर्ण्याने करून दिली. मी अकोला जिल्ह्यातल्या आपल्या मालेगावच्या शाळेत संस्कृत शिकवतो. प्रार्थनेच्या वेळचा लाऊडस्पीकर बंद पडला आणि तो दुरुस्त करायला तुम्ही आलात. अर्ध्या तासात आवाज सुरू झाला. मी म्हणालो, "उत्तमराव, आवाज आला खरा, पण याला श आणि स यांतला भेद कळत नाही. दात पडलेल्या माणसाने प्रार्थना म्हटल्यासारखी वाटते." हेडमास्तर हसले. तुम्ही हसला नाहीत. पेचकस खिशात ठेवून माझ्याकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "गुर्जी, रविवारी घरी येता काय? मले तुमचा कान पाह्यजे."

दुष्काळ सरल्यानंतरचे ते वर्ष होते. मी आलो, तेव्हा तुमच्या बाहेरच्या खोलीत लाकडी फळीवर दोन यंत्रे ओळीने मांडलेली होती; तिसरे लवकरच आले. तबकडीवरच्या सुईने उचललेला बारीक आवाज मोठा करून स्पीकरकडे पाठवणारे ते अ‍ॅम्प्लिफायर. तिन्ही जपानी, तिन्ही दुसऱ्याने वापरून टाकलेले. वहिनींचे बंधू मुंबईच्या गोदीत कामाला. बोटीवरचे खलाशी विकून जात ते त्यांच्या नजरेला पडे, आणि तुमच्या पगारातून जे उरे ते त्यात जाई. त्या काळी मालेगावात घरोघरी रेडिओसुद्धा नव्हता. तुम्ही त्या तिघांना नावे दिली होती. दिव्यासारख्या जळणाऱ्या काचेच्या वाल्व्हचा, सुरू केल्यावर गरम व्हायला वेळ घेणारा, तो म्हातारा. लाकडी पेटीतला, धिप्पाड आवाजाचा, तो पाटील. आणि चकचकीत रुपेरी तोंडाचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा, तो साहेब.

वहिनी आतून म्हणाल्या होत्या, "घरात ज्वारीचं पोतं ठेवाले जागा नाही गुर्जी, अन् ह्याइनं तीन सवती आनून ठेवल्या."

"सवती नव्हे, पाहुने हायत," तुम्ही म्हणालात. "पाहुन्याले कोनी बाहेर ठेवते काय?"

तिसरा, म्हणजे म्हातारा, अकोल्याहून आणताना मी तुमच्याबरोबर होतो. कुणा वकिलाच्या पश्चात त्यांच्या घरातले सामान निघत होते आणि तुम्हाला कुणकुण लागली. परतीच्या एसटीत ते जड धूड तुम्ही मांडीवर घेऊन बसलात, धोतराच्या पानात गुंडाळून, आतले वाल्व्ह हिसक्याने फुटू नयेत म्हणून. पातूरच्या घाटात प्रत्येक वळणाला तुम्ही त्याच्यावर ओणवे होत होता. कंडक्टर आला. "हे काय हाय? याले लगेज लागते."

"म्हातारा हाय जपानचा," तुम्ही म्हणालात. "डोये दिसत नाहीत त्याले. बसू द्या ना मांडीवर."

कंडक्टरने धोतराचे पान उचलून पाहिले. "मंग तोंड झाकू नका त्याचं, गुदमरून मरन," असे म्हणून तो पुढे गेला. सगळी गाडी हसली. मीही हसलो. इतक्या मोकळेपणाने मी लोकांदेखत पूर्वी हसलो असेन, असे मला आठवत नाही.

तुमची पद्धत मला फार आवडे. ऐकणाराने भिंतीकडे तोंड करून बसायचे. कोणते यंत्र चालू आहे ते दिसता कामा नये. स्पीकर तेच, तबकडी तीच, तिच्यावरच्या सनईचा आरंभीचा तेवढाच भाग. एकदा एक, मग दुसरे, मग पुन्हा पहिले. मी पाटीवर खडूने माझे मत लिहायचे आणि शेवटीच पाटी वळवायची. पहिले तीन रविवार मी प्रत्येक वेळी पाटलालाच कौल दिला. तुम्ही अस्वस्थ झालात. चौथ्या रविवारी तुम्ही स्पीकरच्या तारांना मीटर लावला आणि डोक्यावर हात मारून घेतला. पाटलाचा आवाज इतर दोघांपेक्षा केसभर मोठा लागत होता. कानाला तो मोठा वाटत नव्हता, चांगला वाटत होता. "जो जोरात बोलते तोच खरा वाटते, गुर्जी. आपल्या दोघाइलेही फसवलं ह्या पाटलानं." त्या दिवसापासून प्रत्येक तुलनेपूर्वी तुम्ही मीटरवर तिघांचा आवाज सारखा करून घेऊ लागलात, आणि पाटील जो मागे पडला तो पुन्हा वर आला नाही. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मीही मोठ्याने म्हणणाऱ्या मुलांना जरा जास्तच गुण दिले असतील, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा शिवला.

मग उरला तो आपला वाद. मी साहेबाच्या बाजूचा. त्याच्यातून सनईचा प्रत्येक स्वर धुतलेल्या पात्रासारखा स्वच्छ येई. दोन स्वरांमधली निःशब्द जागासुद्धा ऐकू येई. तुम्ही म्हाताऱ्याच्या बाजूचे. "साहेब बोलते साफ, पन मनातून नाही बोलत. म्हाताऱ्याच्या आवाजात ओल हाय." मी म्हणे, ओल हा दोष आहे, शुद्ध वस्तूत काही मिसळले की ती गोड लागते एवढेच. तुम्ही म्हणत, "तुमी आंब्याचा रस गाळून पेता काय, गुर्जी?" या वादाने कितीतरी रविवार भरले. तो संपला नाही. तुम्ही असता तर आजही मी साहेबाच्या बाजूनेच बोललो असतो. पण आता माझ्या मनाच्या कानाला ऐकू येते ती म्हाताऱ्याची सनई, हे मी तुमच्यापाशी कबूल करायला हवे होते, केले नाही. आणि तेवढेच करायचे राहिले असते, तर मी स्वतःला भाग्यवान समजलो असतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. मी तुमच्या बाहेरच्या खोलीत बसलो, माजघरात बसलो, तुमच्या ताटाला ताट लावून जेवलो. तुम्ही मात्र माझ्या घरी ओसरीपर्यंतच आलात. मी कधी "आत या" म्हटले नाही. तुम्ही कधी वाट पाहिल्याचे दाखवले नाही. माझ्या घरातल्या वृद्धांचे मन मोडू नये, असे कारण मी स्वतःला देत असे. ते वृद्ध निवर्तले, तरी कारण तसेच राहिले.

आता त्या रविवारचे.

तिघांपैकी साहेबाला वीज थेट भिंतीवरून द्यायची नव्हती. त्याच्यासाठी तुम्ही एक वजनदार लोखंडी डबा ठेवला होता. भिंतीवरची वीज त्या डब्यात जाई, तिथे कमी होई आणि मग साहेबाला मिळे. "जपानात घरी शंभरच व्होल्ट असते, आपल्या इथं दोनशे तीस. डब्बा हाय म्हनून साहेब जिता हाय," असे तुम्ही एकदा मला सांगितले होते. मी ऐकले होते, पण आकड्यांत माझे मन नव्हते. म्हातारा आणि पाटील आपल्याकडच्या विजेला जुळतील असे करून घेतलेले होते, ते थेट भिंतीवर चालत. तेवढे मात्र मी दर रविवारी पाहत होतो. तो डबा बारीक घुमत असे. साहेबाच्या मागे जी किंचित घुरघुर ऐकू येई, ती साहेबाची नसून डब्याची आहे, असे माझे मत होते. तुम्ही हसून मान हलवत होता.

त्या सकाळी तुम्हाला निरोप आला, की रिसोड रस्त्यावर झाड पडून तार तुटली आहे. "बसा गुर्जी, तासाभरात येतो," म्हणून तुम्ही सायकलवर गेलात. वहिनी शेतात होत्या. मी एकटा होतो, आणि वादात तुम्हाला एकदा तरी निरुत्तर करावे, ही इच्छा माझ्या मनात होती. मी असा विचार केला: स्वच्छ पाणी उगमापाशी घ्यावे, मध्ये हा डबा कशाला? मध्यस्थ काढला की साहेबाचा खरा स्वर ऐकू येईल आणि तुम्ही आल्यावर तो मी तुम्हाला ऐकवीन. मी साहेबाची वायर डब्यातून काढली आणि भिंतीवरच्या सॉकेटात घातली.

साहेबाच्या तोंडावरचा दिवा कधी लागला नव्हता इतका लख्ख लागला. क्षणभर मला आनंद झाला. मग आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला, आणि करपलेल्या लाखेचा वास खोलीत पसरला. मी वायर ओढून काढली. धूर उपरण्याने खिडकीबाहेर घालवला. आणि मग, उत्तमराव, मी ती वायर पुन्हा तुमच्या डब्यात, जशी होती तशी, लावून ठेवली.

पहिले कृत्य अज्ञानाने झाले. हे दुसरे अज्ञानाने झाले नाही.

तुम्ही घामाघूम होऊन आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "चला, आज साहेबाचा निकाल लावू." साहेब बोलला नाही. तुम्ही त्याचे झाकण उघडलेत. आतला ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. तुम्ही मीटर घेऊन डबा तपासलात. एकदा, दोनदा, तीनदा. "डब्बा तं बरोबर देऊन राह्यला," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. त्याच्या आदल्याच रविवारी तुम्ही साहेब उघडून त्यातले दोन जुने कंडेन्सर बदलून नवे डाक, म्हणजे कथलाचे सांधे, दिले होते. तुम्ही त्या जागी बोट ठेवून बराच वेळ उकिडवे बसलात. मग म्हणालात, "माह्याच हातून झालं, गुर्जी. कुठं तरी डाक चुकला असन माहा."

तुम्ही मला विचारले नाही. मी त्या खोलीत तासभर एकटा होतो, हे तुम्हाला ठाऊक होते; दुसऱ्या कोणाला तुम्ही विचारले असते. पण गुरुजी असे करतील आणि सांगणार नाहीत, ही शंका तुमच्या मनाच्या उंबऱ्यावरसुद्धा आली नाही. विचारले असते, तर मी सांगितले असते, असे मी चार वर्षे स्वतःला समजावीत आलो. ते खरे आहे की नाही, मला माहीत नाही. मी एवढेच म्हणालो, "जाऊ द्या उत्तमराव, वस्तू नाशवंत असते." असे वाक्य मी उच्चारले आणि तुम्ही ते उपदेश म्हणून स्वीकारलेत.

त्यानंतर तुम्ही एकही यंत्र उघडले नाही. मालेगावातले, जवळपासच्या खेड्यांतले लोक तुमच्याकडे रेडिओ घेऊन येत. तुम्ही हात लावला की ते बोलू लागत. इंझोरीचा सुतार, ज्याने तुमच्या स्पीकरची सागवानी खोकी केली होती, तो तर म्हणे, "उत्तमरावच्या बोटाइले दिसते." त्या साऱ्यांना तुम्ही अकोल्याचा रस्ता दाखवू लागलात. "माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला आता." कार्यालयातले काम तुम्ही करीत होता, पण प्रत्येक गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधत होता, असे तुमचे सोबती सांगतात. आपले रविवार चालू राहिले, पण फळीवर साहेबाच्या अंगावर एक जुने लुगडे झाकलेले असे आणि आपण दोघे त्याच्याकडे पाठ करून बसत होतो.

एका बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात कोणीतरी म्हणाला, "उत्तमरावनं जपानच्या साहेबाले सोडलं नाही, तं तुमच्या रेडिओचं काय घेऊन बसले!" सारे हसले. मी तिथे होतो. मी हसलो नाही, पण हसल्यासारखे तोंड केले. त्यात कमी पाप आहे, असे मला वाटत नाही.

सांगायचे मी अनेकदा ठरवले. कधी तुमच्याकडे पाहुणे असत, कधी तुम्ही आनंदात असता, कधी मला वाटे की आता फार दिवस झाले. तुमचे दुखणे आले तेव्हा वाटले, बरे झाल्यावर सांगू. रोग्याच्या मनावर ताण नको. तुमच्या खाटेपाशी बसून मी तुमच्यासाठी स्तोत्रे म्हटली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मध्येच डोळे उघडून म्हणालात, "श अन् स, दोन्ही अलग ऐकू आले बरं, गुर्जी." तेव्हासुद्धा माझ्या तोंडात दुसरे शब्द होते आणि मी स्तोत्रच पुढे म्हटले.

परवा वहिनींनी मला बोलावले. त्यांचे बंधू मुंबईहून आले आहेत. वहिनी म्हणाल्या, "गुर्जी, एवढ्या मशिनी मले सांभाळनं होत नाही. यातली चांगली कोनती ते तुमी सांगा. ते एक ठेवतो, बाकीच्या भाऊ घेऊन जाईन." मग त्यांनी लुगडे बाजूला केले. "अन् हा तं भंगारातच जाऊ द्या. डोयासमोर नको मले हा. त्याइनं चार वर्सं याच्याकडं पाह्यलं अन् मंग आपल्या हाताकडं पाह्यलं. दवाखान्यातही हात उलटेपालटे करून पाहत होते. मी म्हनो, काय पाहून राह्यले? तं म्हनत, काही नाही."

मी बसलो होतो तो उठून उभा राहिलो आणि त्यांना सगळे सांगितले. डबा, वायर, दिवा, उपरणे, आणि वायर पुन्हा लावणे. वहिनींनी हातातले लुगडे घडी करून फळीवर ठेवले. त्यांचे बंधू दुसरीकडे पाहू लागले.

मग त्या म्हणाल्या, "चार वर्सं, गुर्जी?"

मी म्हणालो, "हो."

"दर रविवारी येत होते तुमी."

"हो."

"माह्या हातचं जेवून जात होते." त्या उठल्या, आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. "मले सांगून आता काय होते? ज्याच्या ज्याच्या तोंडातून त्याइच्या हाताचं नाव निघालं, त्याइले सांगा. पुन्यानुमोदनाच्या दिवशी. सारे येनार हायत. उभं राहून सांगा."

मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली नाही, आणि मी पुन्हा मागितली नाही. निघताना दारापर्यंत कोणी आले नाही.

म्हणून, उत्तमराव, उद्या मी तुमच्या दारात उभा राहून हा कागद वाचणार आहे. जमलेल्या मंडळींनो, बाजारातल्या, कार्यालयातल्या आणि इंझोरीच्या बंधूंनो, ऐका. त्या रविवारी जे यंत्र जळाले, ते माझ्या हाताने जळाले. उत्तमरावांनी लावलेला प्रत्येक डाक बरोबर होता. ते रेडिओ परत पाठवीत होते, ते हात चुकले म्हणून नव्हे, माझ्या मौनामुळे. जो पूर्वी त्यांच्या हाताला हसला असेल, त्याने आज आपले हसू माझ्याकडे वळवावे. मी ते घेईन.

उत्तमराव, यातले चांगले कोणते, या वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नाही. तो अधिकार माझा राहिला नाही. तुमचा कौल सर्वांना ठाऊक आहे; तोच राहील. जळालेला साहेब भंगारात द्यायचा नाही, असे वहिनींनी काल निरोपाने कळवले आहे. त्याचे झाकण उघडून, तुमचे डाक दिसतील असा, तो उद्या सभेत मेजावर ठेवणार आहेत. ज्याला तारांतले कळते त्याने जवळ येऊन पाहावे.

तुम्ही मला कान मागितलात, मी दिला. तुम्ही त्याच्या मोबदल्यात मला हसणे दिलेत, वाद दिलेत, एका यंत्रासमोर भिंतीकडे तोंड करून निःपक्षपाती बसण्याची शिस्त दिलीत. तुमच्याविषयीचा सत्य शब्द मात्र मी तुम्हाला जिवंतपणी दिला नाही. तो आता देतो आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचतो की नाही हे मला शास्त्राने सांगितलेले नाही.

हे जे कोणी ऐकतील, जे कोणी घरी नेऊन वाचतील, त्यांच्या घरात अन्न, आरोग्य आणि विद्या नांदो. त्या घरातल्या कष्टाच्या हातांना त्यांचा मान जिवंतपणीच मिळो. जे बोलायला हवे ते त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, बोलण्याचे बळ परमेश्वर त्यांच्या जिभेला देवो. आणि त्या घराच्या दारी येणाऱ्या प्रत्येकाला माजघरापर्यंत बोलावले जावो. शुभं भवतु.